गप्प बसायची नोकरी

धुकं इतकं दाट होतं की बेकरीच्या दारातून समोरचं औषधांचं दुकानही दिसत नव्हतं. अशा गारठ्यात पीठ फुगायचं नाव घेत नाही. बाबा भट्टीपुढं हात शेकत उभे होते, पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली ढिम्म पडून होता आणि बाहेर गिऱ्हाइकं मात्र वेळेवर हजर. पाव उशिरा निघाला की रांग आधी कुरकुरते, मग फुगते, मग मधूनच फुटते. त्या सकाळी ती फुटायच्या बेतात होती.

"भोंग्या, बाहेर बघ गं जरा!" आईनं गल्ल्यावरून हाक मारली.

भोंगा म्हणजे त्यांची धाकटी लेक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. अंगानं काडी, पण आवाज असा की पाळण्यात रडायची तेव्हा वरचे भाडेकरू घर सोडून गेले, असं आई सांगते. खरं तर त्यांची बदली झाली होती, पण आईला गोष्ट रंगवल्याशिवाय करमत नाही.

भोंगा हातातला चिमटा घेऊन दारात उभी राहिली.

"ए निळा स्वेटर, मागे! आजोबा, तुम्ही या पुढं. मावशी, पिशवी उभी केली म्हणजे माणूस उभा राहिला असं होत नाही. उचला ती."

निळा स्वेटर मागे गेला. मावशींनी पिशवी उचलली. कुणाला राग आला नाही, कारण भोंगा सगळ्यांना सारखीच ओरडते. शाळेत असल्यापासून रोज सकाळी तिचं हेच काम. रांग कुठं वाकते, कोण नुसतं विचारायला आल्याचं दाखवून आत सरकतो, कोण "मी यांच्याबरोबर आहे" म्हणत परक्याच्या दंडाला धरतो, हे तिला पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावरून कळतं. आणि कळलं की तोंड उघडतं. या दोन्हींच्या मध्ये थांबायला जागाच नाही.

त्या हिवाळ्यात कॉलेजात एक साथ पसरली होती. ज्याला त्याला इंटर्नशिप हवी होती. पुढं चांगल्या ठिकाणी शिकायचं तर संशोधनाचा अनुभव पाहिजे, असं वर्गात सांगितलं गेलं. अनुभव हवा तर कुणाकडं तरी संशोधन सहाय्यक म्हणून लागायला पाहिजे. आणि सहाय्यक म्हणून घ्यायचं तर आधीचा अनुभव काय, असं विचारतात.

"म्हणजे आधी पाव दाखवा, मग पीठ देतो?" बाबा म्हणाले.

भोंग्याला बेकरी नको होती असं नाही. पावाच्या वासानं तिला अजूनही भूक लागे. पण जन्मभर सगळ्यांनी तिला बोलावलं ते घशासाठी. शाळेत कवायतीला, लग्नात हरवलेली पोरं पुकारायला, गल्लीत पाण्याचा टँकर आला की. आपल्याला मानेच्या वर आणखीही काही आहे, आणि त्यासाठी एकदा तरी कुणीतरी बोलवावं, एवढं तिला हवं होतं. हे ती कुणाला सांगायची नाही. सांगितलं असतं तर आईनं भाबडेपणानं विचारलं असतं, मानेच्या वर म्हणजे कुठं?

तिनं अर्ज तयार केला. त्यात बेकरीचा 'ब'सुद्धा नव्हता. होतं ते असं: संवादकौशल्य, नेतृत्वगुण, संघभावना. बाबांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि विचारलं, "छान मुलगी दिसते. कोण आहे?"

मग विभागातल्या झाडून सगळ्या प्राध्यापकांना ईमेल गेले. उत्तर एकच आलं. "आपल्या पत्राबद्दल आभार. मी सध्या रजेवर आहे. परतल्यावर सवडीनं उत्तर देईन." भोंग्यानं ते आईला मोठ्यांदा वाचून दाखवलं, म्हणजे शेजारच्या तीन घरांनाही.

"बघ, रजेवर असून लिहिलं! किती नम्र माणूस."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीनं सांगितलं की ते उत्तर माणसाचं नाही, मशीन आपोआप पाठवतं. भोंगा घरी येऊन आपणच म्हणाली, "आई, एका मशीननं तरी माझी दखल घेतली." ही तिची जुनी सवय. आपली टर आपणच आधी उडवायची, म्हणजे दुसऱ्याला उडवायला काही उरत नाही.

शेवटी मैत्रिणीनंच सल्ला दिला, ईमेलच्या नादी लागू नकोस, सरळ दारात जाऊन उभी राहा. दारात उभं राहणं हे भोंग्याचं खास क्षेत्र. तिनं दार निवडलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमचं, कारण त्या कशावर तरी संशोधन करतात आणि त्यांना माणसं लागतात, एवढं कानावर आलं होतं.

मॅडम बुटक्या, केस आखूड, टेबलावर कागदांचे ढीग आणि त्या ढिगांवर चहाचे कप. त्यांनी मान वर न करता विचारलं, "माझं लिहिलेलं काय वाचलंयस?"

भोंग्यानं खोटं बोलायचा विचार केला, पण तो विचार पोचेपर्यंत तोंड उघडलं होतं. "तुमच्या दारावरची पाटी, मॅडम. मंगळवारी दुपारी भेटता असं लिहिलंय. आज मंगळवार आहे."

मॅडमनी मान वर केली. हसल्या नाहीत, पण ढिगातून आपला एक लेख काढून तिच्या हातात ठेवला. "हा वाच. पुढच्या मंगळवारी ये आणि यात काय पटलं नाही ते सांग."

लेख रांगेवर होता! माणसं वाट बघताना कशी वागतात, मध्ये कोणी घुसलं तर कोण बोलतं, कोण गप्प बसतं. भोंगा तो लेख आठवडाभर वाचत होती. अर्धे शब्द शब्दकोशातून, उरलेले अंदाजानं. पीठ मळणाऱ्या बाबांना तिनं एक पान समजावून सांगितलं.

"लोक मध्ये घुसतात, असं म्हणते का ती?" बाबा म्हणाले.

"हो."

"त्यासाठी एवढं शिकावं लागतं?"

"बाबा, का घुसतात ते शोधायचंय."

"घाई असते म्हणून. पुढचं पान सांग."

पुढच्या मंगळवारी भोंग्यानं मॅडमना सांगितलं की लेखात घुसणारा माणूस नेहमी पुढच्या टोकाला घुसतो असं म्हटलंय, ते तिला पटलं नाही. मधे जास्त घुसतात. "कशावरून?" मॅडमनी विचारलं. "आपलं असंच, बघितलंय," ती म्हणाली. बेकरी तिनं याही वेळी गिळून टाकली.

आणि मॅडमनी तिला चाचणीवर घेतलं. सुट्टीसाठी सहाय्यकाची एकच जागा होती आणि उमेदवार दोन. दुसरा होता तिच्याच वर्गातला टापटीप. त्याला सगळे टापटीपच म्हणत; त्याची पेन्सिलसुद्धा भांग पाडल्यासारखी दिसायची. दोघांनी पंधरवडाभर एकेका रांगेचं निरीक्षण करायचं. ज्याचं काम चांगलं, तो सुट्टीत लागला. टापटीपला मिळाली वीजबिलाची खिडकी. भोंग्याला मिळाला डोळ्यांचा दवाखाना.

मॅडमकडं पीएचडी करणारा एक दादा होता; मॅडमही त्याला दादाच म्हणत. उंच, सदा झोपेतून उठल्यासारखा. त्यानं नियम समजावले. "बाकावर बसायचं. कोण घुसलं, कुठं घुसलं, बाकीच्यांनी काय केलं, एवढं टिपायचं. मुख्य म्हणजे आपण तिथं नाही असं वागायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, नजरेनंसुद्धा दटावायचं नाही. भिंत व्हायचं. जमेल ना?"

"अगदी," भोंगा म्हणाली. आवाज इतका मोठा आला की दादाच्या हातातला चहा सांडला.

घरी हे कळलं तेव्हा आई गल्ल्यावर डोकं टेकवून हसली. "तुला? गप्प बसायला? अगं, तू झोपेत बडबडतेस!"

"आई, हे विज्ञान आहे."

"असू दे की. मी कुठं नाही म्हणते? तोंडात बन कोंबून जा."

दवाखान्याची नोंदणीची खिडकी लांबट व्हरांड्याच्या टोकाला होती. भिंतीला लाकडी बाक, वर बंद पंखा, औषधाचा आणि दमट स्वेटरांचा वास. आतला कारकून नाकावर चष्मा ठेवून सावकाश लिहायचा. रांगेत निम्मी माणसं एका डोळ्यावर पट्टी बांधलेली. भोंगा बाकाच्या कडेला बसली, ओठ आत ओढून घेतले आणि भिंत झाली.

पहिला दिवस असा गेला की संध्याकाळी तिचा जबडा दुखत होता. लोक घुसत होते, बिनदिक्कत घुसत होते. एक जण फक्त पेन मागायला आला आणि खिडकीशी चिकटला. एका बाईनं लांबूनच "अय्या, तुम्ही!" म्हणत अनोळखी बाईला मिठी मारली आणि तिच्यापुढं उभी राहिली. भोंगा टिपत होती आणि कागद पेनानं फाटत होता. दुसरा दिवस तसाच. घरी जाऊन तिनं त्या दोन दिवसांचं सगळं ओरडणं एकदम ओरडून घेतलं. भट्टीवरचं मांजर दोन दिवस फिरकलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले. उजव्या डोळ्यावर पट्टी, हातात काठी, अंगात जुना पण इस्त्रीचा कोट. त्यांच्यापुढं एक जण घुसला. मग दुसरा. आजोबा तसूभरही पुढं सरकत नव्हते, उलट हळूहळू मागेच जात होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. कारकून कुणाचंतरी नाव लिहीत होता. तिसरा माणूस आला, खांदा तिरका केला...

"मागे!"

आपण बोललो हे भोंग्याला प्रतिध्वनी ऐकून कळलं.

तिसरा माणूस मागे गेला. पण पहिले दोघेही गेले. नंतर ज्यांनी काही केलं नव्हतं तेही एकेक पाऊल मागे सरकले. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं आणि आजोबांना हात केला, "या." रांग पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ झाली.

भोंग्यानं तोंडावर हात ठेवला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हातात कागद, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, बसायला ठरलेली जागा आणि हा आवाज; लोकांनी ठरवून टाकलं की ही दवाखान्याची माणूस आहे. दुसऱ्या दिवसापासून ते आधी तिच्याकडं येऊ लागले. "बाई, चष्म्याच्या नंबरसाठी हीच रांग का?" "बाई, मी जरा पाणी पिऊन येते, जागा बघा हं." ती मान खाली घालून बसायची. पण कुणी जरा तिरकं झालं की रांगेतलेच म्हणायचे, "अहो, बाई बसल्यात." पुढं तर तिला तोंड उघडायचीही गरज उरली नाही. नुसतं खोकलं तरी पुरे.

आणि मग घुसणारे बंद झाले. भोंगा रोज इमानदारीनं लिहायची: शून्य. चौथ्या दिवशी शून्य. पाचव्या दिवशी शून्य. ती स्वतःशी म्हणायची, वा गं पठ्ठे! डास कसे चावतात हे बघायला पाठवली, आणि ही मच्छरदाणी लावून बसली.

तिला वाटलं होतं, एवढी शून्यं बघून मॅडम हाकलूनच देतील. त्यामुळं पंधरवडा संपल्यावरच्या बैठकीला ती हाकलून घ्यायच्या तयारीनंच गेली. टापटीपनं आपले तक्ते मांडले, तीन रंगांत. मॅडमनी ते पाहिले, "बरं आहे" म्हणाल्या. मग त्यांनी भोंग्याचे कागद हातात घेतले, आणि बघता बघता खुर्चीतून उठल्याच.

"दादा, हे बघितलंस का? पहिले तीन दिवस गोंधळ. चौथ्या दिवसापासून एकदम शून्य. सलग! खिडकी तीच, कारकून तोच. रांगेनं स्वतःचा नियम स्वतः तयार केलाय. बाहेरून काहीही न होता."

"बाहेरून काही झालं नाही ना?" दादानं जांभई देत विचारलं.

भोंगा गप्प.

"मी कितीतरी वर्षं हे शोधतेय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा शाळकरी पोरीसारखा झाला होता. "जागा तुझी. सुट्टीत याच्यावरच काम करायचं. उद्यापासून दादा त्याच बाकावर बसेल, म्हणजे दुसऱ्या निरीक्षकाकडून खात्री होईल."

झालं. जे हवं होतं ते समोरच्या टेबलावर, चहाच्या कपांमध्ये ठेवलेलं होतं. कुणीतरी तिला डोक्यासाठी बोलावत होतं. फक्त डोक्यानं काहीच केलं नव्हतं, केलं होतं ते घशानं. आयुष्यात पहिल्यांदाच भोंग्याला गप्प बसणं जमत होतं, आणि तेही नेमकं नको त्या जागी. मॅडम खुशीत दादाला सूचना देत होत्या. टापटीप आपले तीन रंगांचे तक्ते पिशवीत भरत होता. एक कोपरा दुमडला तरी त्यानं सरळ केला नाही. त्याला तसं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

उद्या दादा बाकावर बसेल. लोक पुन्हा घुसतील. मग मॅडमना वाटेल, पोरीनं शून्यं मनानंच लिहिली. मूर्ख ठरण्याची भोंग्याला सवय होती, त्यात ती मुरलेली होती. खोटारडी ठरण्याची नव्हती. आणि टापटीपच्या त्या दुमडलेल्या कोपऱ्याकडं तिला बघवेना.

"मॅडम, ती रांग स्वतःहून सरळ नाही झाली," ती म्हणाली. "मी केली."

"म्हणजे?"

"ओरडले."

मग सगळं बाहेर आलं. आजोबा, काठी, "बाई बसल्यात", खोकला. दादानं आधी हसू दाबलं, नंतर दाबणं सोडून दिलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या परत खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शाळकरी पोरगी निघून गेली. भोंग्याला सगळ्यात वाईट त्याचं वाटलं.

"काय म्हणालीस नेमकं?" मॅडमनी विचारलं.

"मागे," भोंगा पुटपुटली.

"एवढ्यानं रांग सरळ होत नाही. तिथं म्हणालीस तसं म्हण."

"नको, मॅडम."

"म्हण."

भोंग्यानं डोळे मिटले. "मागे!"

खिडकीची काच थरथरली. दाराबाहेर निबंधाचे गुण विचारायला घोळक्यानं उभी असलेली पोरं क्षणात भिंतीला पाठ लावून एकामागं एक उभी राहिली. एकानं टोपीसुद्धा काढली.

आता मात्र मॅडमना राहवलं नाही. त्या तोंडावर कागद धरून बराच वेळ हलत राहिल्या. "हे कुठं शिकलीस?"

"आमची बेकरी आहे."

"अर्जात नाही ते."

"आहे की. संवादकौशल्य लिहिलंय ना, तेच."

मॅडमनी डोळे पुसले आणि पुन्हा गंभीर झाल्या. "जागा निरीक्षकाची आहे. ती आता तुला देता येणार नाही. ती याची." टापटीपनं मान डोलावली आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, भोंग्याकडं बघून ओशाळला. "आणि दवाखान्यातली तुझी नोंद बाद. सगळी. तिसऱ्या दिवशीच येऊन सांगितलं असतंस तर दुसरी खिडकी दिली असती."

"हो, मॅडम."

"पण मला एक सांग. पहिले दोन दिवस गप्प बसलीस, तिसऱ्याच दिवशी का तोंड सुटलं?"

भोंगा उठता उठता थांबली. "त्या आजोबांच्या पट्टीच्या बाजूनं घुसत होते सगळे. उजवीकडून. त्यांना दिसत नव्हतं ना त्या बाजूचं. आधीचे दोन दिवसही तसंच होतं. ज्याच्या डाव्या डोळ्याला पट्टी त्याच्या डावीकडून, ज्याच्या उजव्या त्याच्या उजवीकडून. कडेवर पोर असलेल्या बाईच्या पोराच्या बाजूनं. लोक मुद्दाम ठरवून करत असतील असं नाही वाटत मला. पण जाताना तिकडूनच जातात."

दादानं हसणं थांबवलं. मॅडमनी पेन उघडलं. "हे तुला कुणी बघायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही. राग आला की दिसतं."

मॅडमनी समोरच्या कागदावर एक डावा आणि एक उजवा, असे दोन बाण काढले. तळमजल्यावर एक खोली आहे, त्या म्हणाल्या. तिथं जुन्या रांगांच्या चित्रफिती पडून आहेत, ढीगभर. दर घुसखोर कुठल्या बाजूनं आला, हे कुणी कधी बघितलेलं नाही. पद नाही, प्रमाणपत्रही बहुतेक मिळणार नाही. खोलीला खिडकीही नाही. सुट्टीत रोज दुपारी येशील का?

"त्यात आवाज असतो का, मॅडम?"

"नाही. आणि तू कितीही ओरडलीस तरी त्यातलं कुणी मागे सरकणार नाही."

भोंगा घरी पोचली तेव्हा दुपारची झोपाळू वेळ होती. आई गल्ल्यापाशी पाय वर घेऊन बसली होती. तिनं लेकीचा चेहरा बघितला, पण त्यावरून तिला काही कळेना.

"मिळाली का नाही जागा?"

"नाही."

"बघ! मी म्हटलं होतं, बन कोंबून जा."

"पण बोलावलंय. रोज दुपारी."

"जागा नाही आणि बोलावलंय? मग कशाला बोलावलंय?"

भोंग्यानं जरा विचार केला. नीट सांगायचं तर उजवी बाजू, डावी बाजू, पट्टी, सगळं समजवावं लागलं असतं. "बघायला," ती म्हणाली.

"काय बघायला?"

"रांगा. जुन्या."

आईनं आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? नव्या रांगा कमी पडल्या हिला." आतून बाबांचं उत्तर आलं की सकाळच्या कामात खंड पडणार नसेल तर तिनं कुठंही जावं, पण आत्ता आधी इकडं यावं, ट्रे तसेच पडलेत आणि संध्याकाळचं पीठ फुगायला लागलंय.

भोंग्यानं ओळखपत्र खुंटीला अडकवलं, बाह्या वर सारल्या, आणि उलथनं घेऊन पहिल्या ट्रेच्या करपलेल्या कडा खरवडायला बसली.